बारा ग्रॅम गांजा आणि पुण्यात नसलेलं दुकान

हे प्रकरण रचलेलं आहे. यातला मुलगा, त्याचे वडील, वकील, माल पुरवणारा, यांपैकी कोणीही खरा माणूस नाही. कलमं, कोर्टाची रीत, आकडे आणि शहरात जाहीरपणे घडून गेलेल्या घटना मात्र खऱ्या आहेत. प्रौढ माणसाला परवानाधारक दुकानातून, वजन करून, कर भरून गांजा विकत घेता यावा का, हा प्रश्न आपल्याकडे संस्कृतीच्या भांडणात अडकून पडतो. एका पोराच्या सॅकमधल्या बारा ग्रॅमपासून सुरुवात केली, तर निदान भांडण कशाचं आहे ते तरी कळतं.

प्रसंग

मुलगा चोवीस वर्षांचा, गेवराई तालुक्यातल्या एका गावचा. नवी पेठेत कॉट बेसिसवर राहतो, सकाळी सातला अभ्यासिकेत जागा धरतो, मेसचा डबा खातो, राज्यसेवेची तयारी करतो. पूर्व एकदा निघाली, मुख्यमध्ये अडकला. महिन्यातून दोन-तीनदा, बहुतेक शनिवारी, मित्राबरोबर गांजा ओढतो. दारूला शिवत नाही, कारण दारूने दुसऱ्या दिवशीचा अभ्यास बुडतो हे त्याचं गणित. त्याला व्यसनी म्हणता येत नाही आणि निर्व्यसनीही म्हणता येत नाही. आपले सगळे कायदे आणि सगळी भाषणं या मधल्या माणसाला वगळून केलेली असतात.

माल टेलिग्रामवरून. यूपीआयने पैसे, ठरलेल्या ठिकाणी पुडी. पकडला जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्याने विचारणा केली तेव्हा उत्तर आलं, "ग्रीन संपलंय भाऊ. एमडी आहे, पाठवू का? पहिल्यांदा कमीत लावतो." ग्रीन म्हणजे गांजा, एमडी म्हणजे मेफेड्रोन, रसायनांपासून बनवलेली नशेची पावडर. त्याने नको म्हटलं. हा निरोप पुढे लागणार आहे.

एका रविवारी संध्याकाळी हनुमान टेकडीच्या वाटेवर दोघं बसलेले असताना साध्या वेशातल्या पोलिसांनी हटकलं.

"कुठले रे तुम्ही?"

"बीडचा, साहेब. एमपीएससी करतो."

"सॅक उघड."

सॅकमध्ये दोन पुस्तकं, रोलिंग पेपर आणि एक प्लास्टिकची पिशवी. दोन पंच बोलावले गेले. पंचनाम्यात ठरलेला मजकूर आला: उग्र वासाचा, हिरवट, पाने, बोंडे, बिया व काड्या असलेला पदार्थ, निव्वळ वजन १२ ग्रॅम. नमुना गणेशखिंडच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडे, मुलगा वैद्यकीय तपासणीला, फोन मुद्देमालात. मित्राकडे काहीच सापडलं नाही, म्हणून त्याचा फक्त जबाब झाला. मैत्री तिथेच संपली.

कायद्याच्या दोन पेट्या

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू आहे. त्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंडे सोबत नसतील तर पानं आणि बिया व्याख्येबाहेर राहतात. म्हणून भांग या कायद्यात येत नाही आणि बनारसला सरकारी परवान्याची भांगेची दुकानं रस्त्यावर उघडी असतात. एकाच झाडाच्या पानाला परवाना आणि बोंडाला कोठडी.

गांजाचं 'अल्प प्रमाण' एक किलोपर्यंत आणि 'व्यापारी प्रमाण' वीस किलोच्या पुढे. बारा ग्रॅम अर्थातच अल्प. शिक्षा एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऐकायला सौम्य वाटतं. पण बारा ग्रॅमवाला शनिवारचा गडी आणि नऊशे ग्रॅम घेऊन फिरणारा किरकोळ विक्रेता या कायद्याला एकाच पायरीवर दिसतात. विक्री सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, पण वजनाच्या हिशेबात दोघे सारखेच.

खरी मेख पुढे आहे. २००१ च्या दुरुस्तीपूर्वी स्वतःच्या वापरासाठी थोडा माल जवळ बाळगणं हे सेवनाच्या, म्हणजे कलम २७ च्या, सौम्य गटात बसायचं. दुरुस्तीनंतर कलम २७ फक्त सेवनापुरतं उरलं आणि जवळ बाळगणं सरळ कलम २० मध्ये गेलं. त्याचा परिणाम कलम ३३ वाचल्यावर कळतो. अठरा वर्षांवरच्या माणसाला परिवीक्षेची, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची, सवलत या कायद्याखाली जवळजवळ फक्त कलम २६ आणि २७ ला आहे. त्यामुळे गांजा ओढून संपवलेल्याला ती सवलत मिळू शकते, सॅकमध्ये ठेवलेल्याला नाही. आपल्या पोराने उरलेला माल टेकडीवर ओढून टाकला असता तर कायद्याच्या नजरेत तो अधिक सुरक्षित ठरला असता.

दुसरी वाट कलम ६४अ ची. अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. तरतूद चांगली आहे. पुण्याला तिचं मोल वेगळं सांगायला नको. ब्राउन शुगरने तरुण पोरं गिळायला सुरुवात केली तेव्हा, १९८६ साली, अनिता आणि अनिल अवचट यांनी इथे मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं, पुलं आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने. पण ही तरतूद व्यसनी माणसासाठी आहे. तिचा फायदा घ्यायचा तर महिन्यातून दोनदा ओढणाऱ्या पोराने कोर्टात मी व्यसनी आहे असं म्हणायचं आणि ज्याला खरी गरज आहे अशा कोणाची तरी उपचाराची जागा अडवायची. कायद्याकडे दोनच पेट्या आहेत, गुन्हेगार आणि रुग्ण.

जामिनाचंही तसंच. ऑक्टोबर २०२० मध्ये अभिनेत्री रिया चक्रवर्तीच्या जामीन अर्जावर निकाल देताना मुंबई उच्च न्यायालयाने या कायद्याखालचे सगळे गुन्हे अजामीनपात्र ठरवले, अल्प प्रमाणाचेसुद्धा. म्हणजे ठाण्यातून सुटका नाही, शिवाजीनगर कोर्टात उभं राहणं आलंच. कलम ३७ च्या कडक अटी मुख्यतः व्यापारी प्रमाणाला लागतात, त्यामुळे इथे जामीन होतो. पोराचाही दुसऱ्या दिवशी झाला. पुण्यात ओळखीचा जामीनदार नसल्याने रोख रक्कम भरावी लागली. ती वडिलांनी कापसाच्या पैशातून आणली.

कोर्टाच्या आवारात वडिलांनी वकिलाला बाजूला घेतलं.

"वकीलसाहेब, दंड भरून मिटत असंल तर आजच भरतो. पोरगं अभ्यासाला लागू द्या."

"काका, दंड भरायचा म्हणजे गुन्हा कबूल करायचा. मिटत नाही, लागतो. उद्या सिलेक्शन झालं तर साक्षांकन नमुन्यात लिहावं लागेल, एनडीपीएसखाली दोषी."

"आन् केस लढवली तर?"

"तर लिहावं लागेल, खटला चालू आहे."

वकिलाचं म्हणणं बरोबर होतं. अवतार सिंग प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने असं ठरवलं की नोकरीच्या वेळी माहिती लपवणं हाच स्वतंत्र दोष असला, तरी गुन्हा किरकोळ असेल तर नेमणूक करणाऱ्याने तारतम्य वापरायला हवं. तारतम्य वापरणारा अधिकारी कोण भेटेल ते उमेदवाराच्या हातात नसतं. शिवाय खटला प्रलंबित असताना पासपोर्टसाठीही कोर्टाची परवानगी लागते. बारा ग्रॅमची खरी शिक्षा ही, आणि ती निकालाआधीच सुरू झालेली असते. सी.ए. रिपोर्ट, म्हणजे प्रयोगशाळेचा अहवाल, यायला लागणारा वेळ वेगळाच. तो आला तरी त्यातून कळणार एवढंच की हा गांजा आहे. किती तीव्र होता, त्यात काय मिसळलं होतं, हे पिणाऱ्याला कधीच कळत नाही.

दुकान असतं तर

आता हाच मुलगा डेन्व्हरमध्ये आहे असं धरू. कोलोरॅडोत नोव्हेंबर २०१२ मध्ये लोकांनी मतदानाने गांजा कायदेशीर केला आणि १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली. वय एकवीस पूर्ण, दारातच ओळखपत्र, सुरुवातीला जास्तीत जास्त एक औंस, म्हणजे साधारण अठ्ठावीस ग्रॅम. प्रत्येक झाडाला लागवडीपासून खूणपट्टी असते आणि ती काउंटरपर्यंत नोंदली जाते. पाकिटावर टीएचसीचं, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचं, प्रमाण छापलेलं. शाळांच्या इमारतींना जाणारा पंधरा टक्के अबकारी कर, आणि त्यावर २०१७ पासून पंधरा टक्के विशेष विक्रीकर. सार्वजनिक जागी ओढायला तिथेही बंदी आहे. टेकडीवर बसला तर दंड तिथेही झाला असता, पण तेवढंच.

तिथलं सगळं गोडीगुलाबीचं नाही. पहिल्या वर्षी चॉकलेटं आणि गोळ्यांनी घोटाळा केला. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो, खाल्लेला तास-दीड तासाने, त्यामुळे काहीच होत नाहीये म्हणून लोक दुसरा तुकडा खात. मग १० मिलिग्रॅम टीएचसीची प्रत्येक मात्रा वेगळी ओळखू येईल अशी ठेवणं आणि पाकिटावर ठरावीक चिन्ह सक्तीचं झालं. २०२० आणि २०२१ मध्ये राज्यातली विक्री दोन अब्ज डॉलरच्या वर होती आणि नंतर घसरली, तेव्हा कराच्या भरवशावर बसलेल्यांचे चेहरे उतरले. कॅलिफोर्नियात कर आणि परवान्यांचा खर्च इतका चढला की बेकायदा बाजार तसाच जोमात राहिला. थायलंडने तर दुकानं आधी उघडली आणि नियम मागून शोधले: जून २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, हजारो दुकानं झाली आणि २०२५ मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आली. बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांतला हायड्रोपोनिक गांजा मुंबई आणि पुण्याच्या विमानतळांवर पकडला जातो, तो या उघड्या दाराचा आपल्यापर्यंत आलेला वारा.

दुकानाच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मला कराचा वाटत नाही. तो टेलिग्रामवरच्या त्या निरोपात आहे: ग्रीन संपलंय, एमडी पाठवू का. नेदरलँड्सने १९७६ मध्ये गांजा आणि जहाल द्रव्यं कायद्याने वेगळी केली ती नेमक्या याच कारणासाठी, एकाच माणसाच्या दोन खिशांत दोन्ही असू नयेत म्हणून. पुण्यात हा धोका कागदावरचा नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ एमआयडीसीतला कारखाना उघडकीला आणला आणि पुणे ते दिल्ली मिळून दीड हजार किलोहून जास्त मेफेड्रोन पकडलं. मेफेड्रोनचं अल्प प्रमाण फक्त दोन ग्रॅम आहे आणि व्यापारी प्रमाण पन्नास ग्रॅम. कायद्याला या दोन पदार्थांतला फरक कळतो. विकणाऱ्याला तो ठेवण्याचं कारण नाही. ज्यात नफा जास्त, ओझं कमी आणि वास नाही, ते तो पुढे करणार. गांजा आंध्र-ओडिशाच्या सीमेवरून ट्रकने किंवा रेल्वेने येतो, शिरपूर तालुक्यातल्या शेतांत पिकांच्या आड उगवतो, वाटेत वास मारतो. पावडर खिशात मावते. गांजावर धाडी वाढल्या की ग्रीन संपतं, गिऱ्हाईक संपत नाही.

काउंटरवर कोण उभं आहे

इथपर्यंत वाचून उद्याच परवाने द्या असं कोणी म्हणेल. माझी अडचण इथे सुरू होते, कारण परवान्यावर नशा विकण्याचा अनुभव महाराष्ट्राला आहे आणि तो अभिमानाने सांगावा असा नाही.

आपला दारूचा कायदा मुळात १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे. कागदावर आजही प्रत्येक पिणाऱ्याकडे परमिट हवं. विदेशी मद्याचं एक दिवसाचं परमिट पाच रुपयांना मिळतं. बिअर आणि वाइनसाठी वय एकवीस, बाकी मद्यासाठी पंचवीस. लक्ष्मी रोडपासून बाणेरपर्यंत कुठल्याही वाइन शॉपसमोर दहा मिनिटं उभं राहा आणि कोणी परमिट मागतं का ते पाहा. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेणारी गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता आणि त्याला त्या रात्री पबमध्ये दारू दिली गेली होती, असं पोलिसांच्या तपासात पुढे आलं. त्यानंतर उत्पादन शुल्क खात्याने धडाधड बार बंद केले. नियम आधीही होते, तो तपासणारा डोळा मिटलेला होता. गुटख्याचं उलट: २०१२ पासून राज्यात बंदी, आणि टपरीवर मागा, काउंटरखालून हातात येतो. उत्पादन शुल्क खातं जर दारूच्या गिऱ्हाइकाचं वय पाहत नसेल, तर गांजाच्या गिऱ्हाइकाचं पाहील असं मानायला मला कारण दिसत नाही. आणि वय हा इथे सगळ्यात नाजूक मुद्दा आहे: रोज, जोरदार टीएचसीचा गांजा ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, आणि सुरुवात कोवळ्या वयात झाली तर अधिक.

वयाच्या अटीत आपलं प्रकरणही अडकतं. दारूच्या धर्तीवर पंचवीस ठेवलं तर आपला चोवीस वर्षांचा मुलगा दुकानातून परत पाठवला जाईल आणि जिना उतरता उतरता टेलिग्राम उघडेल. डॉक्टर म्हणतील जितकं उशिरा तितकं चांगलं. बाजार म्हणेल जितकं उशिरा तितके जास्त लोक माझ्याकडे. एकवीस ठेवावं असं माझं मत, पण ते मनापासून आनंदाने दिलेलं मत नाही.

गाडीचा प्रश्न बहुतेक चर्चांत सुटतोच. हे दुचाक्यांचं शहर आहे. दारू प्यालेल्याला नाकाबंदीत तोंडाजवळ यंत्र धरून पकडता येतं, मोटार वाहन कायद्यात १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची रेषा आखलेली आहे. गांजासाठी रस्त्यावर तितकं सोपं आणि भरवशाचं यंत्र नाही, आणि रक्तात टीएचसी सापडलं म्हणजे त्या क्षणी चढलेली होती असंही ठरत नाही. कोलोरॅडोने रक्ताच्या एका मिलिलिटरला पाच नॅनोग्रॅमची रेषा धरली आहे, तिच्यावरही वाद आहेतच.

ज्या क्रमाने व्हायला हवं

महाराष्ट्र एकटा दुकान काढू शकत नाही. राज्यघटनेच्या राज्यसूचीतल्या ५१ व्या नोंदीत मद्यासोबत अफू आणि इंडियन हेंपवर, म्हणजे गांजा-भांगेवर, अबकारी लावण्याचा अधिकार आजही राज्यांचा लिहिलेला आहे, पण एनडीपीएसच्या कलम ८ ने वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांपलीकडचा गांजाव्यवहार बंद केला आहे. गांजाबाबतची ती बंदी डिसेंबर १९८९ मध्ये अमलात आली. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने जुन्या प्रथांना दिलेली पंचवीस वर्षांची मुदत तेव्हा संपली होती. त्याआधी शतकभर हा माल सरकारी परवान्यावरच विकला जात होता. गांजा-भांगेच्या चौकशीसाठी नेमलेल्या १८९३-९४ च्या आयोगाने ११९३ साक्षी घेऊन बंदीपेक्षा कर आणि परवाना बरा असंच सुचवलं होतं. दुकानासाठी बदल दिल्लीत व्हायला हवा, आणि तो लवकर होईल असं दिसत नाही. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांत गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायच्या ठरावावर भारताने बाजूने मत दिलं, एवढी एक खिडकी किलकिली आहे.

म्हणून दुकानाची वाट न पाहता आधी करायचं काम बारा ग्रॅमचं आहे. पोर्तुगालने २००१ मध्ये कोणतंही दुकान न काढता साधारण दहा दिवसांच्या वापराइतका साठा गुन्ह्यातून बाहेर काढला. माल जप्त होतो, माणूस आयोगापुढे जातो, गुन्ह्याची नोंद लागत नाही. आपल्याकडे एक किलोच्या खाली पंचवीस ग्रॅमची वेगळी पायरी केली, ती दंडावर थांबवली आणि चारित्र्य पडताळणीतून वगळली, तर गेवराईच्या बापाला कापसाचे पैसे घेऊन शिवाजीनगरला यावं लागणार नाही. निदान कलम ३३ ची सवलत अल्प प्रमाणातल्या ताब्यालाही लावली, तरी अर्धं काम होईल.

टेलिग्रामचा निरोप मात्र याने थांबत नाही, हे मान्य करायला हवं. पोर्तुगालचं उत्तर पोराला वाचवतं, बाजाराला हात लावत नाही. बाजाराला हात लावायचा तर कधीतरी काउंटर लागेलच, आणि तो खासगी साखळीपेक्षा कॅनडातल्या क्वेबेकसारखा सरकारी असावा असं मला वाटतं: एकवीसखाली प्रवेश नाही, जाहिरात नाही, मुलांना भुरळ घालणारी चॉकलेटं-गोळ्या नाहीत, आणि जास्त विकल्याबद्दल कोणाला बक्षीस नाही. किंमत टेलिग्रामच्या आसपास ठेवावी लागेल, नाहीतर कॅलिफोर्निया होईल. आणि जागा ठरवताना दारूच्या दुकानांना लागू असलेली आडव्या-उभ्या बाटलीची तरतूद इथेही हवी, वॉर्डातल्या निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवीला, म्हणजे दुकान नको म्हणून, मत दिलं तर दुकान नको. कोलोरॅडोतही गावांना असं नाही म्हणायचा हक्क आहे आणि कोलोरॅडो स्प्रिंग्जने तो वर्षानुवर्षं बजावला.

त्याआधी उत्पादन शुल्क खात्याने एक वर्षभर पुणे जिल्ह्यातल्या प्रत्येक वाइन शॉप आणि परमिट रूममध्ये वय तपासून दाखवावं, महिन्याच्या महिन्याला किती जणांना परत पाठवलं ते जाहीर करावं. ते झालं नाही आणि माझ्या वॉर्डात गांजाच्या दुकानावर मतदान लागलं, तर मी आडवीला मत देईन.